निवट्यांना देईन टाकून!

जन्या, जन्मभर तुला ऊठसूट ‘मेल्या’ म्हणत आले. उशिरा आलास की मेल्या, शेणाच्या पायांनी घरात शिरलास की मेल्या, माझ्या शिवणाच्या कात्रीने घोडीची आयाळ कापलीस तेव्हा तर दिवसभर मेल्या. परवा भांडी लावताना तुझं ते कडेला चेपलेलं ताट हाताला लागलं, सवयीने तोंडातून शब्द निघाला आणि मी ओट्यापाशी मटकन खाली बसले. मंगेश ऑफिसला निघाला होता, तो बूट घातलेल्या पायांनीच आत धावला. ‘काय झालं आई?’ काय सांगू त्याला? म्हटलं, काही नाही रे, चक्कर आली.

खरं तर मला तुझ्याशी भांडायचं आहे. आपलं शेवटचं भांडण अर्धंच राहिलं. रविवारचा चहा प्यायला आला होतास. जिना चढताना दोनदा थांबलास, मी वरून बघत होते. आत आलास तसं मी म्हटलं, ‘जन्या, आता पुरे झालं. घोडी दे कुणातरी चांगल्या माणसाला आणि इथे येऊन राहा. मधली खोली रिकामीच पडलीय.’ तू बशीत चहा ओतलास, फुंकर मारलीस आणि म्हणालास, ‘ताय, मी नसलो तं तू ठेवशील तिला?’ मी म्हटलं, ‘मी? त्या बयेला? मला काय वेड लागलंय?’ तू हसलास. चहा संपवलास, टोपी घातलीस, आणि दारात वळून म्हणालास, ‘इचार कर.’

अरे, विचार कर म्हणतोस तर माणसाला थोडा वेळ तरी द्यायचास.

तुझं काय झालं, डॉक्टर काय म्हणाले, ते मी सांगत बसत नाही. तुझं तुला माहीत. तू इथे असतास तर पहिलं विचारलं असतंस, ‘सुरमई कशी हाय?’ म्हणून तिचंच सांगते. तू गेलास त्या दिवसापासून तिने चंदीला तोंड लावलं नाही. भिजवलेले हरभरे, गूळ, कोंडा, सगळं तू करायचास तसंच करून नाल ठोकणारे करीमचाचा तिच्यापुढे ठेवत होते. ती हुंगायची आणि मान फिरवायची. हिरव्या गवताच्या चार काड्या ओठांनी उचलायची, त्यातल्या दोन खाली टाकायची. बरगड्या मोजता येतील इतकी उतरली. जनावरांच्या डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले, रोग काही नाही. करीमचाचा म्हणाले, ‘भाभी, घोडा असाच उपाशी राहिला तर एक दिवस खाली बसतो. आणि एकदा बसला ना, मग अल्लाच त्याला उठवणार.’

आता गंमत बघ. मी त्या घोडीला इतक्या वर्षांत एकदाही हात लावला नव्हता. तिच्या सगळ्या झुली मी शिवल्या. लाल मखमलीची, जांभळ्या साटिनची, तो आरशांची नक्षी असलेला कपाळपट्टाही माझाच. पण माप घ्यायला टेप तुझ्या हातात द्यायचे आणि मी तिच्या शेडच्या दारातून आकडे लिहून घ्यायचे. भीती वाटायची, दुसरं काय. एवढं मोठं तोंड, एवढे दात, आणि त्या बाईचा स्वभाव! तिला मी आवडत नाही हे तिने पहिल्याच दिवशी माझ्या पदराचा तुकडा तोडून सांगितलं होतं.

आपण मोऱ्याचे कोळी. आबांच्या मागच्या सगळ्या पिढ्या पाण्यावर गेल्या, आणि तुला बोट लागायची. कोळ्याचा पोर, आणि जेट्टी सुटली की ओकाऱ्या! आबांना तोंड दाखवायला जागा नव्हती. तू त्यांच्याबरोबर जायचास, हिरवा होऊन परत यायचास आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडायचास. आई तेव्हा नव्हतीच. तू इतका लहान होतास की तुला तिचा चेहराही आठवत नसे. ती गेल्यावर तू जेवणं सोडलंस. शेजारच्या बायका गोंजारून भरवायला यायच्या, ‘खा रे बाला, खा रे राजा,’ आणि तू तोंड घट्ट मिटून बसायचास. मला गोंजारणं कधी जमलं नाही. मीही पोरगीच होते, माझाच जीव थाऱ्यावर नव्हता. एक दिवस मी तुझी भाकर उचलली, खाडीकडच्या पायरीवर गेले आणि ओरडले, ‘नको खाव! उपाशीच ऱ्हा! ही बघ, निवट्यांना देईन टाकून!’ ओहोटी होती. चिखलावर ते बटबटीत डोळ्यांचे मासे, निवटे, टुणटुण उड्या मारत होते. ‘आले बघ, आले! तुझी भाकर न्यायला आले!’ तू धावत आलास, माझ्या हातातून भाकर हिसकलीस आणि तिथेच उभ्याउभ्या खाल्लीस. मग किती वर्षं आपलं जेवण निवट्यांच्या धाकावर चाललं, देव जाणे.

मी लग्न होऊन पनवेलला आले आणि तू माझ्या मागोमाग आलास. आधी बँडमध्ये ताशा बडवलास, मग वरातीच्या घोडेवाल्याकडे घोडे सांभाळायला राहिलास. तिथे तुला तुझी जमीन सापडली, एवढं खरं. आणि एके दिवशी सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून ही घेऊन आलास. राखाडी, अंगावर निळसर झाक, कान टवकारलेले. आबा मुद्दाम मोऱ्याहून बघायला आले. घोडीभोवती एक चक्कर मारली, शेपटीकडे निरखून बघितलं आणि विचारलं, ‘हिला सुकाणू कुठं हाय रं?’ मी पदरात तोंड घालून हसले. मग त्यांनी नाव विचारलं. तू म्हणालास, ‘सुरमई.’ आबांनी घोडीभोवती आणखी एक चक्कर मारली. शेवटी म्हणाले, ‘होडी सोडून घोडी धरलीस, पन नाव तरी आपल्यातलं ठेवलंस.’ त्यानंतर मरेपर्यंत ते आल्यागेल्याला सांगायचे, माझ्या पोराने जाळ्याशिवाय सुरमई धरली.

मग ती वर्षागणिक पांढरी होत गेली. वरातीला पांढरीच घोडी लागते, त्यामुळे लोक म्हणायचे, जन्याचं नशीब बघा. तू मला म्हणायचास, ‘ताय, तुझं नि हिचं केस जोडीनं पिकताहेत.’ मी लाटणं उगारायचे.

काय काय नखरे होते रे तिचे! बादलीत पाणी भरलं तरी पिणार नाही. तू त्यात हात घालून ढवळायचं, मगच तोंड घालणार. चहा लागायचा, तोही स्टीलच्या बशीत, कागदी पेला दिसला की नाकपुड्या फेंदारायच्या. तू डाव्या खिशात गुळाचा खडा आणि उजव्या खिशात रुमाल ठेवायचास. डावा खिसा कुठला हे त्या बाईला चांगलं ठाऊक, तरी आधी रुमाल काढून चिखलात टाकणार, मग तुझ्या तोंडाकडे बघणार, मग गूळ घेणार. तुझे रुमाल मी धुतले आहेत, म्हणून सांगते. वरातीत नवरदेवाच्या हारातलं एक शेवंतीचं फूल खायचंच, हा तिचा हक्क. एकच. दुसऱ्याला कधी तोंड लावलं नाही. पहिल्यांदा वधूकडची मंडळी चिडली, तर तू हात जोडून म्हणालास, ‘घोडीनं फूल खाल्लं म्हनजे पोरगी सुखात ऱ्हाते.’ कुठल्या पोथीतलं ते तुलाच ठाऊक. पण पुढे लोकच थांबायला लागले, फूल खाल्ल्याशिवाय वरात हलेना.

आणि रुसणं! तू एकदा कामोठ्याला दुसऱ्या कुणाच्या घोड्याला औषध पाजायला गेलास. परत आलास तर तिने तुझा शर्ट हुंगला आणि सरळ पाठ फिरवली. संध्याकाळभर तुला तिची शेपटीच दिसत होती. तू माझ्याकडे येऊन आंघोळ केलीस, तुझ्या भाऊजींचा जुना सदरा घातलास आणि पुन्हा गेलास, तेव्हा कुठे बाईसाहेबांनी मान वळवली. मी कपाळाला हात लावला. म्हटलं, बायको केली असतीस तर तिनेसुद्धा एवढं केलं नसतं.

हा आपला मुख्य मुद्दा. अख्ख्या पनवेल तालुक्यातले नवरे तू घोडीवर चढवलेस, रिकिबीत त्यांचे पाय धरून धरून, आणि स्वतः? मी किती मुली दाखवल्या. ती करंजा गावची मुलगी तर मला मनापासून आवडली होती. तू म्हणालास, ‘सुरमईला दाखवू.’ मी येड्यासारखी त्या बिचारीला शेडवर घेऊन आले. घोडीने तिला नखशिखांत बघितलं, आणि तोंडातलं पाणी फुर्रकन तिच्या साडीवर उडवलं. तू म्हणालास, ‘बघ, ती नको म्हनते.’ मी महिनाभर तुझ्याशी बोलले नव्हते. मला कधी कळलं नाही रे, घोडी नको म्हणत होती की तू. विचारलं तर तू हसायचास. तुला कुणी आवडली होती का? कुणी नाही म्हणाली होती का? मोऱ्याला असताना कुणी होती का? आता हे मी कुणाला विचारू?

तुझ्या त्या आखडलेल्या मानेचं मात्र मला कळलं होतं. तू महिन्यातून चार वेळा वाकडी मान घेऊन यायचास आणि मी बाम चोळायचे, उशी बदल म्हणून ओरडायचे. एकदा डबा द्यायला दुपारची शेडवर आले तर तू उभा होतास, सुरमईची हनुवटी तुझ्या खांद्यावर, डोळे मिटलेले, खालचा ओठ लोंबतोय. गाढ झोपली होती ती. एवढ्या मोठ्या डोक्याचं वजन खांद्यावर घेऊन तू खांबासारखा उभा. मी बोलायला तोंड उघडलं तर तू ओठांवर बोट ठेवलंस. डबा दारात ठेवून मी परत गेले. बाम मात्र पुढेही चोळत राहिले, आणि उशीवरून बोलणंही सोडलं नाही.

आता त्या दिवसाचं सांगते. तुला शेडसमोरच्या अंगणात ठेवलं होतं. बँडवाले सगळे आले, कुणाच्या हातात वाद्य नव्हतं, त्यामुळे हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. आत सुरमई जमिनीवर पाय आपटत होती, सगळा पत्रा थडथडत होता. कुणीतरी म्हणालं, आवरा तिला. करीमचाचा उठले आणि त्यांनी तिला आवरायच्या ऐवजी सोडलंच. ती बाहेर आली. लोक बाजूला झाले. ती तुझ्यापाशी आली, छातीवर नाक नेलं, खिसा शोधत असावी. वर हारच हार होते. तिने एक शेवंतीचं फूल ओढलं आणि खाल्लं. मग तुझ्या शेजारी आडवी वळून उभी राहिली, पाठ ताठ, कान स्थिर, शेपटीसुद्धा हलेना. नवरदेव चढताना ती कशी उभी राहते ते पनवेलात सगळ्यांना माहीत आहे. हार होते, गुलाल होता, माणसं जमली होती. तिने आपलं काम केलं. गणपत ताशेवाला एवढा आडदांड माणूस, भिंतीला टेकून पोरासारखा रडला. मी रडले नाही. मला तुझा राग आला होता. लग्न कर, लग्न कर म्हणून जन्मभर तुझं डोकं खाल्लं, आणि तू वरात काढलीस ती अशी!

तिला मागे ठेवायची कुणाची छाती झाली नाही. ती पुढे, तू मागे. आणि तिची ती वरातीतली चाल, दोन पावलं आणि एक थबकणं, तीच. नाक्यावरच्या मारुतीपाशी ती थांबली. नवरदेव तिथे उतरतो, नारळ देतो, परत चढतो, मग वरात पुढे जाते. ती दर वेळी थांबते तशी थांबली. करीमचाचांनी लगाम ओढला तर ढिम्म हलेना. मागे खांदेकरी खोळंबले. तेव्हा आपला मोऱ्याचा काका म्हणाला, ‘वाटंत कुठंतरी इसावा द्यायचाच हाय ना? हितंच द्या.’ तुझा विसावा मारुतीसमोर झाला, जन्या. तिथे तुला खाली ठेवलं, खांदे बदलले. तिथूनच आम्ही बायका मागे फिरलो, आणि करीमचाचांनी सुरमईलाही मागे फिरवलं. सबंध रस्ताभर ती दर चार पावलांना मान वळवून बघत होती. मी तिच्या शेजारून चालत होते, आणि तिची भीती वाटायची राहून गेली हे मला घरी आल्यावर कळलं.

काल तुझं दहावं झालं. गाढी नदीच्या काठी पिंड ठेवला. भात, वडा, आणि मी हट्टाने ठेवायला लावलेली चहाची बशी आणि खारी. मोऱ्याची सगळी मंडळी आली होती. सगळी तयारी जोरात. कावळा शिवला नाही तर काय काय कबूल करायचं, हे आदल्या रात्रीच ठरलं होतं. काका म्हणत होता, लग्नाची इच्छा ऱ्हायली असंल. काकी म्हणत होती, आबांच्या बोटीचं काहीतरी असंल. मी कुणाला बोलले नव्हते, पण माझं वाक्य माझ्याजवळ तयार होतं. घाटाच्या पायऱ्या उतरताना मनात घोळवत होते. ‘जन्या, सुरमईला मी ठेवीन.’ कावळा जरा वेळ अडला की पुढे व्हायचं, हात जोडायचे आणि म्हणायचं. तू विचारलं होतंस ना? त्याचंच उत्तर.

आणि तुझा कावळा! भटजी अजून बाजूला झाले नव्हते, तोच झेपावला. वडा उचलला, भात विस्कटला, खारी पळवली. सगळे हात जोडून म्हणाले, ‘सुटला बिचारा, कसली इच्छा म्हणून नव्हती.’ सगळ्यांच्या चेहऱ्यावर केवढं समाधान! आणि मी तिथे उभी, माझं वाक्य तोंडातच. इतका राग आला तुझा. अरे, एक इच्छा नसावी माणसाला? दोन मिनिटं अडून राहायचं होतंस माझ्यासाठी. बहिणीचं ऐकून जायचं होतंस. लहानपणी भाकरीसाठी तासन्‌तास अडायचास, आणि काल तुला धीर निघाला नाही.

मी बोलले नाही, त्यामुळे ते कुणाला कळलंही नाही. मंगेशला तर नाहीच. त्याचं काय चुकलं? त्याने माथेरानचा एक घोडेवाला शोधून काढला. सज्जन माणूस. काल संध्याकाळी येऊन घोडी बघून गेला, तिच्या गुडघ्यांवरून मायेने हात फिरवला. म्हणाला, ‘मावशी, वर हवा चांगली हाय, चार घोडी संगतीला असत्याल. हितं एकटी झुरून मरल.’ सकाळी गाडी घेऊन येतो म्हणाला. तो गेल्यावर मंगेश म्हणाला, ‘आई, खरं सांग, तुला जमणार आहे का? तुझे गुडघे, तुझं शिवण. तू तर तिला घाबरतेस. आणि ती जेवत नाही गं. काहीतरी करायलाच हवं ना?’ त्याचं सगळं खरं होतं. पोरगा हुशार आहे, तुझ्यासारखा हसण्यावारी नेत नाही. मी ‘हो’ म्हणून मान हलवली.

आज सकाळी उठले आणि म्हटलं, जायच्या आधी तिला एकदा भरवून बघू. शेडवर गेले. करीमचाचांनी भिजवलेले हरभरे आणि गूळ घालून तोबऱ्याची पिशवी भरून ठेवली होती. मी पहिल्यांदा तिच्या ठाणात, तिच्या बांधायच्या जागेत, पाऊल टाकलं. तिच्या तोंडापुढे तोबरा धरला आणि, हसू नकोस, तिला गोंजारायला लागले. ‘घे गं बाळा, घे गं राणी, खा बघू थोडंसं.’ बाळा काय, राणी काय! माझाच आवाज मला ओळखू येईना. तिने माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे पाठ फिरवली. मी पलीकडे गेले, ती परत फिरली. मी पुन्हा अलीकडे. माझे गुडघे ठणकायला लागले, तोबऱ्याचं पाणी साडीवर गळत होतं, घरी कुणाकुणाचे ब्लाउज अर्धे पडलेले, माथेरानची गाडी वाटेवर, आणि ही बया मला शेपटी दाखवतेय. माझं टाळकं सरकलं. मी तोबरा उचलला आणि होतं नव्हतं ते बळ काढून ओरडले, ‘नको खाव! उपाशीच ऱ्हा गो! निवट्यांना देईन टाकून!’

जन्या, तिचे कान उभे राहिले.

दोन्ही कान ताठ माझ्याकडे. मग मान वळली, मग ती सगळीच वळली. माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मी पुढचं काही बोलायची वाट बघत असल्यासारखी. माझ्या तोंडून आपोआप निघालं, ‘आले बघ, आले! तुझं न्यायला आले!’ आणि तिने झडप घातली. माझ्या हातातून तोबरा जवळजवळ हिसकलाच. आणि खायला लागली, कडाकडा, तोंडातून हरभरे सांडत.

मी करीमचाचांकडे बघितलं. ते नालांची पेटी तिथेच टाकून उभे होते. म्हणाले, ‘भाभी, हे तुम्हाला कुणी सांगितलं?’ मी म्हटलं, ‘काय?’ तर म्हणाले, ‘हेच. जनाभाऊ रोज सकाळी तिला हेच बोलायचा. आधी ती नखरा करणार, मग हा ओरडणार, मग ती खाणार. इतके दिवस मीपण ओरडून बघितलं, माझं तिने ऐकलं नाही. मी किती वेळा विचारलं, अरे ये निवटे कौन हैं? तर हसायचा. म्हणायचा, आमच्या घरचे जुने पाहुणे आहेत.’

रोज. इतकी वर्षं, रोज सकाळी. आणि मला कधी एका शब्दाने बोलला नाहीस. मी समजत होते, खाडी तू विसरलास, मोरा विसरलास, ती पायरी, ती भाकर, सगळं मागे टाकून आलास. मी तुला कधी मायेने जवळ घेतलं नाही, गोड बोलून भरवलं नाही, हे मला जन्मभर खुपत होतं. आणि तू तेच ओरडणं जपून ठेवलं होतंस. ज्या जनावरावर सगळ्यात जास्त जीव लावलास त्याला माझ्याच शब्दांनी जेवू घालत होतास. मग मी रडले, जन्या. हारांना रडले नाही, विसाव्याला रडले नाही, कावळ्यालाही नाही. आज सकाळी हरभऱ्यांच्या चुऱ्यात बसून पोटभर रडले. करीमचाचा शहाणे, ते बाहेर जाऊन बसले.

तोबरा रिकामा करून ती माझ्याकडे आली. माझ्याकडे खिसा नव्हता, तिने पदर हुंगला. म्हटलं, आता तोडते बहुतेक. तोडला नाही. मी उठून उभी राहिले तशी तिने हनुवटी माझ्या उजव्या खांद्यावर ठेवली आणि हळूहळू सगळं वजन सोडलं. केवढं जड डोकं रे! तिचा श्वास माझ्या कानात, त्याला गुळाचा वास. मी हलले नाही. आणि मग कावळ्याने बोलू न दिलेलं ते वाक्य मी तिच्या कानात बोलले. सुरमईला मी ठेवीन. तू ऐकलंस की नाही माहीत नाही. तिने ऐकलं, तिचा कान हलला.

माथेरानचा माणूस गाडी घेऊन आला तेव्हा मी तशीच उभी होते. मंगेश त्याच्याबरोबर होता. तो काहीतरी बोलायला गेला, तर मी ओठांवर बोट ठेवलं. त्या भल्या माणसाने रिकामा तोबरा बघितला, तिच्या लोंबणाऱ्या ओठाकडे बघितलं आणि काही न विचारता टोपी काढली. मंगेशने त्याला चहाला नेलं. जाताना मंगेश हळूच म्हणाला, ‘आई, तू अगदी मामासारखी उभी आहेस.’

ती अजून रस्त्याकडे बघते. तुझ्या स्कूटरसारखा आवाज आला की कान वळतात, मग दुसरीच स्कूटर असते आणि कान परत येतात. मीही बघते. आम्ही दोघी बघतो. ते तर काही थांबायचं नाही, आणि निवट्यांचा धाक त्याला चालत नाही.

आता घरी येऊन बसलेय. शिवायला घेतलं तर हात वर जाईना. उजवीकडची मान पार आखडलीय. बामची बाटली फळीवर नेहमीच्या जागेवर आहे, पण माझा हात मानेमागे पोचत नाही. तुझ्या मानेला मी होते, जन्या. माझ्या मानेला आता कोण?